जेसीबी बोलावण्याआधी काय मोजायचं, काय शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात खाडीकडे उतरणारी वडिलोपार्जित अठरा गुंठे जागा. वर कातळ, मध्ये हापूसची कलमं, तळाला खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणारी सखल जमीन. मुंबईत राहणाऱ्या दोघा भावांना तिथे चार खोल्यांचा होमस्टे बांधायचा आहे. खाजगी सर्व्हेअरने ड्रोन उडवून नकाशा दिलाय, मग सरकारी मोजणी कशाला? गावातले म्हणतात जागेतून नळयोजनेची लाइन गेलीय, पण कुठून ते नक्की कोणी सांगत नाही. मेव्हणे म्हणतात रडारचं मशीन आणा, सगळं दिसेल. खरंच दिसेल का? आणि हे पावसाआधी उरकेल का?

मी चोवीस वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मोजणीचं काम करतोय. त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं जमिनीखालच्या लाइनी शोधण्याचंही. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी मोजणी. तुमच्या सर्व्हेअरने केलंय ते काम वाया गेलेलं नाही, पण ते वेगळं काम आहे. त्याने जागा आज जशी दिसते तशी कागदावर आणली: झाडं, विहीर, विजेचा खांब, उतार, गडगा (दगड नुसते रचून केलेली कुंपणभिंत). आर्किटेक्टला हेच लागतं. पण कुठला गडगा तुमच्या हद्दीवर आहे आणि कुठला आजोबांनी गुरं अडवायला सोयीने घातला होता, हे ड्रोनला कळत नाही. हद्द दाखवायचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा. तालुक्याच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक जागेवर येतो, जुन्या अभिलेखाशी ताडून खुणा दाखवतो आणि नंतर तुम्हाला ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. उद्या शेजाऱ्याने हरकत घेतली तर तुमच्या हातात दाखवण्यासारखा कागद तोच. माझा नकाशा, कितीही रंगीत असला तरी, तिथे चालत नाही.

मात्र अर्ज करण्याआधी सातबारा नीट वाचा. कोकणात एका सातबारावर वीस-पंचवीस नावं असणं नवीन नाही. तुमचा हिस्सा वहिवाटीने वेगळा असेल, ‘हे आमचं, ते काकांचं’ असं पन्नास वर्षं चालत आलं असेल, पण नकाशावर पोटहिस्सा पडलेला नसेल तर भूकरमापक फक्त अख्ख्या सर्व्हे नंबरची हद्द दाखवेल. तुमच्या अठरा गुंठ्यांची वेगळी रेघ त्याच्याकडे नसतेच. मग आधी पोटहिस्सा मोजणी, आणि त्यासाठी सहहिस्सेदारांची संमती. यात जो वेळ जातो तो मोजणीत जात नाही, बोरिवलीपासून बडोद्यापर्यंतच्या चुलतभावांच्या सह्या गोळा करण्यात जातो. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा तो कागद पुढे करा. अनुभवाचं सांगतो, मोदक वाढायच्या आधी नको, नंतर.

गुंठा या शब्दानेही भांडणं लावलीत. जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. सातबारावर आता हेक्टर-आर असतं, आणि एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. बोलताना आपण आरलाच गुंठा म्हणतो. अठरा गुंठे म्हणजे १८२१ चौरस मीटर, अठरा आर म्हणजे १८००. फरक एकवीस चौरस मीटरचा, म्हणजे तुमची एक मोठी खोली. ‘मोजणीत जागा कमी भरली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या काही तक्रारी एवढ्यावरच मिटल्या आहेत.

आणखी काही मिटतात त्या उताराने. क्षेत्र नेहमी आडव्या पातळीवर मोजतात, जमिनीच्या अंगावरून नाही. तुमची जागा खाडीकडे उतरते. वीस अंशांच्या उतारावर तुम्ही टेप जमिनीला टेकवून पन्नास मीटर मोजलेत तर नकाशावर ते सत्तेचाळीस भरतं. तीन मीटर कोणी चोरले नाहीत, ते उतारात आहेत. पूर्वी आम्ही टेप आडवा ताणून, टोकाला ओळंबा सोडून, पायरी-पायरीने उतरायचो. आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकदम मोजणारं यंत्र) ते आपोआप करतं, पण रविवारी गावी येऊन स्वतः टेप घेणारे भाऊ ते करत नाहीत.

मोबाइलवर गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर चढवून ‘माझी हद्द शेजारच्या पडवीतून जाते’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. त्यात कागद आक्रसलेला, वर मोबाइलच्या जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखालीही तीन-चार मीटर, आणि तुमच्या कलमांखाली त्याहून जास्त. आमचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा पकडणारं काठीवरचं यंत्र, उघड्या कातळावर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा पकडतो, पण तोही दाट आंब्याखाली आणि माडांत भरकटतो. तिथे बाहेरच्या दोन मोकळ्या बिंदूंवरून टोटल स्टेशनने आत जावं लागतं. कोणी ‘अर्ध्या तासात रोव्हरने बाग मोजून देतो’ म्हणाला तर त्याला कलमांखाली तोच बिंदू सकाळी आणि दुपारी असा दोनदा मोजायला लावा.

गडग्याचं एक राहिलं. चिऱ्याच्या सुक्या गडग्याला बुडाशी पाऊण मीटर रुंदी सहज असते. तुमची एक बाजू साठ मीटरची असेल तर नुसता गडगाच पंचेचाळीस चौरस मीटर खातो. हद्द त्याच्या आतल्या कडेला, बाहेरच्या की मधोमध, हे कंपाउंड वॉलचा पाया खणण्याआधी शेजाऱ्यासमोर, मोजणीच्या दिवशीच बोलून घ्या. निकाल पटला नाही तर निमताना मोजणीची, म्हणजे अपिलातल्या फेरमोजणीची, सोय आहे, पण तोवर भिंत उभी राहिलेली नसावी.

खालची बाजू खाडीला लागते म्हणून सीआरझेडचं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांचं, बघावंच लागेल. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीच्या काठाने पन्नास मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल तेवढं अंतर भरतीरेषेपासून धरतात. ही भरतीरेषा म्हणजे अमावस्येला पाणी कुठवर येतं ते तुम्ही पाहून ठरवायची गोष्ट नाही, माझीही नाही. ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर काढलेली असते. तुमचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर बसवून घ्या आणि मगच आर्किटेक्टला इमारतीची जागा ठरवू द्या. उलट क्रमाने जाणाऱ्यांचे दोन-दोनदा काढलेले नकाशे माझ्या कपाटात पडून आहेत.

उंचीबद्दल एक गंमत. नवा मुलगा रोव्हर घेऊन पहिल्यांदा आपल्या किनाऱ्यावर उभा राहिला की हमखास घाबरतो, कारण यंत्र उंची उणे साठ मीटरच्याही खाली दाखवतं. ‘सर, आपण समुद्राखाली आहोत.’ उपग्रह उंची मोजतात ती गणिताने काढलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासून, आणि भारताच्या दक्षिणेकडे प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या गणितापेक्षा बरीच खाली बसलेली आहे. म्हणून कच्च्या उंचीवर जोत्याची पातळी धरू नका. सर्व्हेअरने सरासरी समुद्रसपाटीची दुरुस्ती केलीय का आणि कुठल्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या खुणेवरून), हे नकाशावर लिहून घ्या. खाजणाच्या बाजूला तर हाच आकडा उधाणाचं पाणी आणि तुमची फरशी यांतलं अंतर सांगतो.

आता जमिनीखालचं.

मेव्हण्यांचं रडार म्हणजे जीपीआर, ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार. बाबागाडीसारखी चाकावरची पेटी. ती जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि खाली काही वेगळं लागलं की परत आलेला प्रतिध्वनी पडद्यावर काढते. ‘वेगळं’ हा शब्द महत्त्वाचा. पाइप आहे असं यंत्र कधीच सांगत नाही. इथे आजूबाजूपेक्षा काहीतरी वेगळं आहे, एवढंच ते म्हणतं. पाइप आडवा ओलांडला तर पडद्यावर टोकं खाली वळलेल्या मिशीसारखी वक्र रेघ उमटते, कारण पेटी पाइपाच्या डोक्यावर यायच्या आधीपासून त्याला तिरकं बघत असते आणि ते अंतर जास्त भरतं. पण पाइपाच्या लांबीवरूनच पेटी ढकलत नेली तर मिशी दिसत नाही, सरळ पट्टा दिसतो आणि तो मातीच्या थरासारखा वाटतो. म्हणून जागा उभी आणि आडवी अशा दोन्ही दिशांनी जाळं पाडून ओढावी लागते. एकाच दिशेने चार फेऱ्या मारून निघालेल्या माणसाला पैसे देऊ नका.

खोलीच्या आकड्यावर तर डोळे मिटून विश्वास टाकूच नका. यंत्र मोजतं तो वेळ, अंतर आपण काढतो. समजा लहर जाऊन परत यायला वीस नॅनोसेकंद लागले. कोरड्या जमिनीत ती नॅनोसेकंदाला साधारण बारा सेंटिमीटर धावते, म्हणजे वस्तू एक मीटर वीसवर. तीच जमीन ओली असेल आणि वेग सातावर आला असेल तर वस्तू सत्तर सेंटिमीटरवर आहे. पडद्यावरचं चित्र दोन्ही वेळा सारखंच. अर्ध्या मीटरचा हा फरक बकेटच्या दातांना पुरतो. म्हणून शहाणा माणूस आधी खोली माहीत असलेल्या एखाद्या पाइपावरून, उघड्या चेंबरजवळ, पेटी फिरवतो आणि तिथला वेग जुळवून घेतो.

तुमच्या जागेत रडारची तीन वेगवेगळी नाटकं होतील. वरच्या कातळावर जांभा आहे, आणि जांभा म्हणजे आतून पोकळ्या, बिळं, कुठे लोहाचा कडक थर तर कुठे मऊ माती. पडद्यावर मिश्याच मिश्या. मधल्या बागेत माती जाड असेल तर काम बरं होईल, फक्त कलमांची मुळं पाइपासारखी दिसतात. तळाच्या खाजणात पेटी नेऊच नका. खाऱ्या पाण्याने भिजलेली चिकणमाती ही लहर पहिल्या हात-दीडहातातच गिळते. तिथे पडदा स्वच्छ दिसतो, आणि स्वच्छ दिसणं म्हणजे खाली काही नाही असा अर्थ लावून पाया खणलेले लोक मला भेटले आहेत.

म्हणून रडार पहिल्या नंबरावर नसतं. पहिला नंबर विचारपूस आणि डोळे. गावात पाणी सोडणारा जो माणूस आहे त्याच्याबरोबर टाकीपासून तुमच्या जागेच्या पलीकडच्या व्हॉल्व्हपर्यंत चालत जा. लाइन टाकताना कोणाचा जेसीबी होता आणि चर खणायला कोण होतं ते विचारा. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये गावोगाव एचडीपीई या प्लास्टिकचे पाइप पडले. मातीत ते मीटरभर खोल जातात, पण कातळ लागला की खोदाई महागते आणि पाइप वर येतो. माझ्या मते कातळावरची नळलाइन उथळच असणार असं धरूनच चालावं. वायरमनलाही विचारा. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर किनाऱ्यावर तारा जमिनीखाली नेण्याकडे कल आहे. भूमिगत उच्चदाब केबल नियमाप्रमाणे किमान नव्वद सेंटिमीटरवर आणि लघुदाब किमान पंचाहत्तरवर असते, वर विटांचा किंवा फरशीचा थर. खणताना मातीत विनाकारण सरळ ओळीत विटा लागल्या तर थांबा.

रस्त्याच्या कडेला ऑप्टिकल फायबर असू शकते. त्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. खोदाईची जागा नोंदवली की तिथे नोंद असलेल्या केबलमालकांना सूचना जाते. नोंद जरूर करा. पण गावच्या नळयोजनेची लाइन त्यात सापडेल अशी आशा धरू नका.

दुसरा नंबर केबल लोकेटरचा. हे हातात धरायचं यंत्र, रडारपेक्षा स्वस्त, आणि धातूच्या बाबतीत त्याहून भरवशाचं. विजेच्या केबलमधून प्रवाह वाहत असेल तर तिच्याभोवतीचं क्षेत्र ते पकडतं. मात्र ‘वाहत असेल तर’ याकडे नीट लक्ष द्या. केबलला दाब आहे पण पलीकडे काहीच चालू नाही, तर यंत्र गप्प बसतं आणि केबल मात्र माणूस मारायला तयार असते. म्हणून तपासणीच्या दिवशी शेजारचा पंप, घरातला गिझर, जे काही आहे ते सगळं चालू ठेवायला सांगा. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल शोधायची तर दिवे लागल्यावर, संध्याकाळी. लोखंडी पाइप असेल तर ट्रान्समीटर थेट व्हॉल्व्हला जोडून त्यावर सिग्नल सोडता येतो. एचडीपीई आणि पीव्हीसी मात्र या यंत्राला दिसत नाहीत. पाइप रिकामा करून आत सिग्नल देणारी लहान कांडी सरकवता आली तरच. तुमची नळलाइन बहुतेक प्लास्टिकची, म्हणजे तिथे हे यंत्र हात टेकणार.

इथे माझीच एक फजिती सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी मालवण तालुक्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एका बांधकामाची जागा तपासत होतो. मे महिना, दुपार, चिऱ्याची खाण तापते तसा कातळ तापलेला. आम्ही दीड दिवस रडार ओढलं. साठ सेंटिमीटरवर सुरेख मिश्या, सहा ओळींत एकाच रांगेत. मी खूश. पिवळा रंग मारला. शेजारच्या घरातली एक म्हातारी, डोक्यावर लाकडांचा भारा, थांबून म्हणाली, ‘रे झिला, अख्खो सडो करपलोहा आणि हयचा गवात हिरवा कसा?’ मी तिला हसून पाणी दिलं आणि कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी चाचणी खड्डा घेतला तर पिवळ्या रेघेखाली जांभ्यातली नैसर्गिक भेग निघाली, ओल्या मातीने भरलेली, आखल्यासारखी सरळ. आणि तिच्यापासून सहा फुटांवर, हिरव्या गवताखाली, जेमतेम वीतभर खोल गळणारी त्रेसष्ट मिलिमीटरची नळलाइन होती, ती जेसीबीने वळताना चाकाखाली चिरडली. वरचा वीस-पंचवीस सेंटिमीटरचा पट्टा आमच्या ॲन्टेनाला धड दिसत नव्हता आणि मी खोलवरचं बघण्यात गुंग होतो. वाडीला दोन दिवस टँकरने पाणी दिलं, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून मी जागेवर गेलो की पहिला तास पेटी उघडतच नाही. नुसता फिरतो. मे महिन्यातला हिरवा पट्टा. सरळ रेषेत दबलेली किंवा किंचित फुगलेली माती. कातळात भरलेल्या चराचा वेगळा रंग. अवचित उभा असलेला एखादा चिरा, जो व्हॉल्व्हची खूण म्हणून कोणीतरी रोवलेला असतो. आणि बुजवलेल्या जुन्या बावी. म्हाताऱ्या माणसांना ‘इथे पूर्वी बाव होती का’ हे मुद्दाम विचारा, कारण बुजवलेल्या विहिरीवर कॉलम आला तर ते कोणत्याच रडारच्या बिलात बसत नाही.

कातळ साफ करताना आणखी एक बघा. पातळ मातीखाली कोरलेल्या रेषा, प्राण्यांच्या किंवा चौकोनी आकृत्या दिसल्या तर काम तिथेच थांबवून फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. बारसू, कशेळी, कुडोपी इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि आपल्या सड्यांवर अजून किती मातीखाली असतील त्याचा हिशेब नाही. मशीन आधी आलं तर ती दिसतही नाहीत.

विचारपूस, लोकेटर आणि मग शंकेच्या जागी रडार एवढं झालं की शेवटी पहार आणि कुदळ. रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर हातानेच खणायचं, यंत्राने नाही. जिथे पाया, सेप्टिक टँक किंवा भिंत रेघेला छेदते तिथे चाचणी खड्डा घेऊन पाइप डोळ्यांनी बघायचा, वरून टेप लावून खोली लिहायची. आमच्या धंद्यात नकाशावर प्रत्येक रेघेपुढे तिचा भरवसा लिहितात: कोणाच्या तोंडून ऐकलेली, वर दिसणाऱ्या खुणांवरून जोडलेली, यंत्राने शोधलेली, की खड्ड्यात पाहिलेली. तुमच्या अहवालात हा फरक नसेल आणि सगळ्या रेघा सारख्याच ठळक असतील तर तो परत करा. ‘सापडलं नाही’ आणि ‘तिथे नाही’ ही दोन वाक्यंही वेगवेगळी लिहून घ्या.

सेप्टिक टँकचं जाता जाता. जांभ्यातून पाणी कुठून शिरेल आणि कुठे निघेल ते सांगता येत नाही, म्हणून शोषखड्डा विहिरीच्या उतारावर खाली आणि शक्य तितका लांब. जांभ्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकण, माती लागली तर उतार कापून जागा सपाट करण्याआधी मातीची वेगळी तपासणी करा. ते काम रडारचं नाही, बोअर घेणाऱ्याचं.

पावसाआधी उरकेल का? तपासणी उरकेल. अठरा गुंठ्यांना खाजण सोडून लोकेटर आणि रडार मिळून एक दिवस, चाचणी खड्ड्यांना आणखी एक. ती एप्रिल-मेमध्येच करा, जमीन कोरडी असते तेव्हा लहर खोल जाते. जुलैत बोलावलंत तर मी येणार नाही. मोजणीचं मात्र तुमच्या हातात नाही. अर्ज आजच ऑनलाइन टाका, तारीख मिळेल त्या दिवशी दोघांपैकी एक भाऊ जागेवर हजर राहा, आणि ‘क’ प्रत हातात येईपर्यंत कंपाउंडचा एक चिराही लावू नका. तोवर आतलं काम, हद्दीपासून सुरक्षित अंतर सोडून, आखता येईल.

आणि तुमची स्वतःची नवी लाइन टाकाल तेव्हा चर बुजवण्याआधी टेप आडवा ठेवून फोटो काढा, घराच्या दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर वहीत लिहा, आणि प्लास्टिक पाइपाबरोबर एक तांब्याची साधी वायर टाका, तिचं टोक चेंबरमध्ये वर ठेवून.  लोकेटरला मग तोच प्लास्टिकचा पाइप दिसतो.